कार्तिक अमावास्येला वांगणी: कॅमेऱ्याची बॅग भरताना

दिवाळीतली अमावास्या सोडूनच द्या. लक्ष्मीपूजनाच्या रात्री चंद्र नसला तरी फटाक्यांचा धूर इतका असतो की ट्रॅकर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा हळूहळू फिरवणारं यंत्र) लावण्यात अर्थ नाही. मुंबईकरांचा अ‍ॅस्ट्रोफोटोग्राफीचा म्हणजे ताऱ्यांच्या फोटोंचा सीझन खरा सुरू होतो तो त्याच्या पुढच्या, म्हणजे कार्तिक अमावास्येला. कालनिर्णयात बघा, तिच्या जवळचा शनिवार वांगणीसाठी (कर्जत लोकलच्या वाटेवरचं गाव) धरा आणि बॅग आदल्या रात्री अकराला भरायला घेऊ नका, गुरुवारीच भरा. बॅगेत पहिली वस्तू ड्यू हीटर, म्हणजे लेन्सवर दव धरू नये म्हणून तिला ऊब देणारा पट्टा. कॅमेरा नंतर.

हे इतकं निक्षून सांगायचं कारण म्हणजे गेल्या नोव्हेंबरात माझा हीटर घरी टेबलावर राहिला. आकाश स्वच्छ, देवयानी दीर्घिका डोक्यावर, ट्रॅकिंग उत्तम, आणि दहानंतरच्या एकूणएक फ्रेममध्ये ताऱ्यांभोवती धुरकट वलयं. कॅमेऱ्याच्या तेवढ्याशा स्क्रीनवर ते नीट कळतही नाही, वाटतं विरळ ढग आला असेल, जाईल. लेन्सवर तिरका टॉर्च मारला तेव्हा काच पांढरी झालेली. पावसाचे चार महिने वाट बघून मिळालेली रात्र होती ती.

दव पहाटे पडतं ही समजूत आधी डोक्यातून काढा. उघड्या आकाशाखाली ठेवलेली लेन्सची पुढची काच आपली उष्णता सरळ वर आकाशाकडे फेकत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते. वांगणी-नेरळच्या पट्ट्यात पाऊस संपल्यावर हवेत बाष्प भरपूर असतं, त्यामुळे हवा दवबिंदूला (ज्या तापमानाला बाष्पाचं पाणी होतं) पोचायच्या कितीतरी आधी काच पोचते, म्हणजे तुमचा शर्ट कोरडा आणि लेन्स ओली असं होतं. आकाश जितकं स्वच्छ तितकं हे लवकर होतं, म्हणून ज्या रात्रीसाठी आपण एवढा जीव टाकतो तीच रात्र लेन्सला सगळ्यात वाईट. लेन्स हूडने थोडा वेळ मिळतो, तो लावाच, पण हूड म्हणजे हीटर नव्हे. आणि रुमालाने पुसायचा विचारही नको, मिनिटभरात दव परत येतं, काचेवर ओरखडे पडतात, वर हात लागून फोकस हलतो तो वेगळाच.

हीटर विकतचा घेतलात तर यूएसबीवाला पट्टा मिळतो, वेल्क्रोने लेन्सभोवती गुंडाळायचा. घरी बनवणार असाल तर लॅमिंग्टन रोडला जा, ३३० ओमचे एक वॅटचे दहा रेझिस्टर घ्या आणि दोन समांतर वायरींच्या मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे सोल्डर करा. १२ व्होल्टवर प्रत्येक रेझिस्टर साधारण ०.४४ वॅट खातो, दहांचे मिळून ४.४ वॅट, १३५ एमएमच्या लेन्सला तेवढी ऊब बऱ्यापैकी पुरते. अर्ध्या वॅटचे रेझिस्टरही चालतात असं दुकानात सांगतील, कागदावर बरोबरच आहे, पण कापडात गुंडाळलेला रेझिस्टर मोकळ्या हवेतल्यापेक्षा जास्त तापतो, एक वॅटचेच घ्या. सोल्डरच्या प्रत्येक जोडावर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा, ती वायर सोल्डर करायच्या आधी सरकवून ठेवावी लागते, नाहीतर सगळं उकलून परत. वरून जाड कापडाची पट्टी आणि वेल्क्रो, हे दादरला शिवणकामाच्या सामानाच्या दुकानात मिळतं. बॅटरीजवळ एक अँपियरचा फ्यूज हवाच, यात काटकसर नको, रात्री गवतात बॅटरी शॉर्ट होणं म्हणजे खेळ नाही. बनवल्यावर घरी दोन तास चालू ठेवून हात लावून बघा, कोमट लागला पाहिजे, चटका बसला तर कुठेतरी चुकलंय.

आता हीटरची पॉवर, कारण पट्टा नेला आणि पॉवर बँक कॅमेऱ्याने खाल्ली तर पट्टा न नेल्यासारखंच. पॉवर बँकेवर २०,००० एमएएच लिहिलेलं असतं ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं, म्हणजे ७४ वॅट-तास. पट्टा ५ व्होल्टवर २ अँपियर घेत असेल तर १० वॅट झाले, कागदावर सात तास आणि काही मिनिटं, प्रत्यक्षात पाच-साडेपाच धरा. नोव्हेंबरच्या मध्यात पूर्ण अंधार साधारण सव्वासातला होतो आणि साडेपाचच्या सुमाराला संपतो, म्हणजे दहा तासांची रात्र. तेव्हा एकट्या हीटरसाठी दोन पॉवर बँका, त्यांच्यावर मार्करने ‘हीटर’ असं लिहून ठेवा आणि मोबाइल चार्ज करायला कुणी मागितली तरी देऊ नका. रेग्युलेटरवाला पट्टा असेल तर निम्म्यावर चालवून एकीत भागेल, पण दव जास्त असेल तर निम्म्याने काम होत नाही. १२ व्होल्टचा घरगुती पट्टा यूपीएसच्या ७ एएचच्या बॅटरीवर रात्रभर आरामात चालतो, फक्त ती बॅटरी दोन किलोच्या वर आहे आणि लोकलच्या गर्दीत ते वजन जाणवतं.

ट्रॅकरसाठी मात्र पॉवर बँकेच्या भरवशावर राहू नका. ट्रॅकर इतका थोडा करंट ओढतो की बऱ्याच पॉवर बँकांना वाटतं काही जोडलेलंच नाही आणि त्या आपोआप बंद पडतात. माझ्या ट्रॅकरला चार पेन्सिल सेल लागतात, नवीन टाकतो, चार जास्तीचे ठेवतो. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या, कार्ड, ट्रायपॉड, रिमोट हे सांगायला नको. बाहटिनोव्ह मास्क (फोकस अचूक करायला लेन्सपुढे लावायची खाचांची चकती), फोकस रिंगला लावायची टेप, लाल टॉर्च (पांढऱ्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात). आणि हो, ट्रॅकर ट्रायपॉडला बसवायचा स्क्रू ट्रॅकरलाच लावलेला ठेवा, सुटा ठेवलात की हरवलाच.

आदल्या दिवशी सोसायटीच्या गच्चीवर सगळं एकदा जोडून बघा. सेक्रेटरींकडून किल्ली घ्यायला संकोच करू नका. मुंबईत गच्चीवरून ध्रुवतारा बहुतेक ठिकाणी कुठल्यातरी टॉवरच्या मागे असतो, त्यामुळे पोलर अलाइनमेंटची (ट्रॅकरचा अक्ष ध्रुवबिंदूकडे नेमका वळवण्याची) प्रॅक्टिस होणार नाही, पण बॅलन्स, केबलची लांबी, हीटरचा पट्टा लेन्सवर नक्की कुठे बसतो हे उजेडात कळतं. पट्टा पुढच्या काचेच्या जितका जवळ तितका चांगला, फोकस रिंगवर अजिबात नको. काही लेन्सवर रिंगच पुढे असते, मग हूडच्या मुळाशी बसवा. केबल ट्रॅकरबरोबर फिरायला मोकळी पाहिजे, ताणली गेली की तारे लांबट येतात आणि दोष पोलर अलाइनमेंटला दिला जातो. जमलं तर गच्चीवरही फोटो काढा, शहरातून काहीच दिसत नाही असं नाही. हायड्रोजन-अल्फाच्या ६५६ नॅनोमीटरच्या आसपासचाच प्रकाश सोडणारा फिल्टर लावला तर मुंबईच्या आकाशातूनही मृगातला तेजोमेघ खूप चांगला येतो. तो विषय मोठा आहे, इथे नको.

घरातून निघायच्या आधी बॅग उघडा आणि तीन गोष्टींना हात लावा, नुसतं बघून चालणार नाही. हीटरचा पट्टा. त्याची केबल. त्याच्या दोन पॉवर बँका. मग निघा.

कर्जत लोकल दुपारची पकडा, सूर्य मावळायच्या आत जागेवर पोचलंच पाहिजे. रविवारी परतताना मेगाब्लॉक आहे का ते आधी बघून ठेवा. वांगणीला खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम वर्षानुवर्षं होत आलेत, तिथल्या लोकांना दुर्बिणी नवीन नाहीत, तरी ज्यांच्या शेतात उभं राहणार त्या काकांना आधी फोन करा, अंगणातला हॅलोजन बंद ठेवाल का हे तेव्हाच विचारा, रात्री दहाला दार वाजवून विचारू नका. पायात बूट हवेत. कापलेल्या भाताच्या शेतात घोणस, फुरसं दोन्ही असतात, चालताना पांढरा टॉर्च लावा, कुणी ओरडलं तरी चालेल.

जागा निवडताना उत्तर मोकळी पाहिजे. ध्रुवतारा क्षितिजापासून आपल्या अक्षांशाइतकाच वर असतो, म्हणजे आपल्याकडे फक्त १९ अंश, एवढ्या खाली एखादं आंब्याचं झाडही त्याला झाकतं आणि धुरक्यात तो फिकट पडतो. नोव्हेंबरात संध्याकाळी सप्तर्षी क्षितिजाखाली असतात, त्यांच्यावरून ध्रुव शोधायची सवय असलेले इथे गडबडतात. शर्मिष्ठा उत्तरेला छान वर असते, तिच्यावरून खाली या. मोबाइलचा कंपास बरा चालतो, मुंबईच्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे, पण लोखंडाजवळ धरू नका. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूवर नाही, अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे, म्हणून पोलर स्कोपमध्ये (ट्रॅकरमधल्या छोट्या दुर्बिणीत) तो मधल्या क्रॉसवर आणायचा नसतो, त्या वेळेनुसार वर्तुळावर जिथे दाखवलाय तिथे आणायचा. स्कोप जवळजवळ आडवा असतो, गुडघ्यावर बसून बघावं लागतं, चटई न्या.

आता क्रम, आणि हा चुकवू नका. ट्रॅकर उभा केला की लगेच हीटर चालू. दव दिसल्यावर चालू करणं म्हणजे उशीर झालाच, ओली काच सुकवायला कोरडी ठेवण्यापेक्षा कितीतरी जास्त उष्णता लागते. मग पोलर अलाइनमेंट, आणि फोकस शेवटी, कारण पट्ट्याच्या उबेने लेन्स किंचित प्रसरण पावते आणि थंड लेन्सवर केलेला फोकस अर्ध्या तासात सरकतो. म्हणजे हीटर, वीस-पंचवीस मिनिटं, मग बाहटिनोव्ह मास्क, मग टेप. दर अर्ध्या तासाने दोन फ्रेमच्या मधल्या वेळात लाल टॉर्च तिरका मारून काच बघा. हीटर दगा देईल अशी भीती असेल तर केमिकलवाली हँड वॉर्मरची पाकिटं आणि दोन जाड रबरबँड बॅगेत असू द्या.

कॅमेऱ्यात रॉ, स्टॅबिलायझेशन बंद, लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन बंद, नाहीतर प्रत्येक फ्रेमनंतर कॅमेरा तेवढाच वेळ डार्क (नॉइज वजा करायला लागणारी काळी फ्रेम) काढत बसतो आणि निम्मी रात्र जाते. देवयानी आधी घ्या, मध्यरात्रीनंतर ती वायव्येला बदलापूरच्या उजेडात उतरते. तोवर मृग वर आलेला असतो.

पहाटे डार्क, झाकण लावून, तेवढंच एक्सपोजर, तोच आयएसओ. फ्लॅट (कडांचा काळोख आणि धुळीचे डाग नंतर काढायला एकसारख्या उजेडाच्या फ्रेम) उजाडताना, लेन्सवर पांढरा टीशर्ट ताणून, फोकस आणि अ‍ॅपर्चर न हलवता. हीटर तोपर्यंत चालूच, ओल्या काचेचे फ्लॅट काही कामाचे नाहीत.

घरी आल्यावर बॅग बंद ठेवू नका, सगळं पंख्याखाली पसरा, मुंबईच्या हवेत लेन्सला बुरशी लागते. सिलिका जेल गुलाबी झालं असेल तर भाजून निळं करा. कार्ड त्याच दिवशी दोन ठिकाणी कॉपी करा, स्टॅकिंग (सगळ्या फ्रेम एकावर एक रचून एक फोटो करणं) नंतर, झोप झाल्यावर.