जीनोमचा निकाल हाती आला? जरा थांबा, या चुका टाळा

जीनोम म्हणजे जीवाचा संपूर्ण डीएनए. तो वाचणाऱ्या मशीनमधून डेटा आला की त्याच संध्याकाळी वंशवृक्ष काढायला बसणारी मुलं दरवर्षी भेटतात. डेटा नक्की कुणाचा आहे, हे मात्र कुणीच पाहिलेलं नसतं. सॉफ्टवेअरला काय, कचरा घाला, ते त्याचंही झाड काढून देईल.

सगळ्यात जुनं दुखणं म्हणजे भेसळ. एक विद्यार्थिनी ई. कोलाय या जीवाणूची असेंब्ली, म्हणजे वाचलेले तुकडे जोडून बनवलेला जीनोम, घेऊन आली. पेपरचं शीर्षकसुद्धा ठरलं होतं, कारण तिला ई. कोलायमध्ये मेक-ए जीन सापडला होता. हा जीन मेथिसिलिन या अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकोकसचा, म्हणजे दुसऱ्याच जीवाणूचा. मी एवढंच विचारलं, "जीनोम केवढा आला?" तर ७४ लाख बेस, म्हणजे डीएनएची अक्षरं! १९९७ साली प्रसिद्ध झालेला ई. कोलाय के-१२चा जीनोम ४६ लाखांचा आहे. रुग्णांकडून मिळणारे काही प्रकार ५०-५५ लाखांपर्यंत जातात, पण ७४? त्यातून ४६ वजा केले तर उरतात २८ लाख, आणि स्टॅफिलोकोकस ऑरियसचा जीनोम साधारण तेवढाच असतो. कॉन्टिगांच्या, म्हणजे असेंब्लीतल्या सलग तुकड्यांच्या, जीसी प्रमाणाचा (जी आणि सी या अक्षरांच्या टक्केवारीचा) आलेख काढला, तर दोन उंचवटे, म्हणजे दोन वेगळे जीवाणू: एक ५१ टक्क्यांपाशी, दुसरा ३३ पाशी. शोध तिथेच संपला.

झालं होतं असं, की न्यूट्रिअंट आगरच्या प्लेटवर जिथे दाट वाढ होती तिथूनच लूपभर उचलून ब्रॉथमध्ये (पातळ माध्यमात) टाकलं होतं. "सर, सगळं एकसारखंच दिसत होतं." दाट वाढीत सगळं एकसारखंच दिसतं, बाई. मॅककॉन्की आगर वापरलं असतं तर त्यातल्या पित्तक्षारांनी स्टॅफला बहुधा वाढूच दिलं नसतं. माझी सवय ठरलेली आहे: सुटी कॉलनी (जीवाणूंचा वेगळा उठून दिसणारा ठिपका), पुन्हा स्ट्रीक (नव्या प्लेटवर रेघा ओढून पसरवणं), पुन्हा सुटी कॉलनी, मग डीएनए. दोन दिवस जास्त जातात, जाऊ द्या. असेंब्ली झाली की जीन बघायच्या आधी एकूण लांबी आणि जीसी बघायचं.

हे फक्त नवशिक्यांचंच होतं असं नाही. २०१५ मध्ये टार्डिग्रेड या सूक्ष्म प्राण्याचे सुमारे एक षष्ठांश जीन परक्या जीवांकडून आल्याचा दावा नामांकित नियतकालिकात छापून आला. एडिनबर्गच्या गटाने दुसरा जीनोम ताडून दाखवला आणि त्यातले बहुतेक 'परके जीन' सॅम्पलमधल्या जीवाणूंचे निघाले.

१६-एस पीसीआर, म्हणजे जीवाणू ओळखायला त्यांच्या एका ठरावीक जीनच्या प्रती वाढवण्याची चाचणी, करणाऱ्यांनी तर निगेटिव्ह कंट्रोलशिवाय (सॅम्पलऐवजी नुसतं पाणी घातलेल्या नळीशिवाय) माझ्याकडे येऊच नये. या प्रती बनवणारं टॅक एन्झाइम बहुतेक वेळा ई. कोलायमध्येच बनवतात, त्यामुळे त्याचा डीएनए किंचित सोबत येतो. डीएनए काढायच्या किटमध्येही जीवाणूंचे अंश असतात. रक्ताच्या सॅम्पलमध्ये ब्रॅडिरायझोबियम दिसला, तर रुग्णाच्या आधी किटवर संशय घ्या. तो शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींत राहणारा जीवाणू आहे. आणि कंट्रोल पाण्याचा नुसता पीसीआरला लावून भागत नाही, डीएनए काढण्यापासून सॅम्पलसोबत चालवायचा. "कंट्रोलमध्ये डीएनएचा फिका बँड (पट्टी) आहे, पण सॅम्पलचा जाड आहे" ही सबब मला सांगू नका.

माणसाच्या आजारांवर काम करणाऱ्यांची खास चूक कोऑर्डिनेटची, म्हणजे गुणसूत्रावरच्या जागेच्या आकड्याची. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेलवर काम करणारे पुष्कळ आहेत, म्हणून तेच उदाहरण घेऊ. हिमोग्लोबिनच्या एचबीबी जीनमधला हा आजार घडवणारा बदल ११व्या गुणसूत्रावर मानवी संदर्भ जीनोमच्या एचजी-१९ या जुन्या आवृत्तीत ५२४८२३२ या जागी आहे आणि जीआरसीएच-३८ या नव्या आवृत्तीत ५२२७००२ या जागी. एका आवृत्तीचा आकडा घेऊन दुसरीच्या फाइलमध्ये शोधलं, की सगळे रुग्ण 'निरोगी' निघतात. पुढचा सापळा याहून वाईट. पाठ्यपुस्तकात या जीनमधल्या जीएजी या तीन अक्षरांचा जीटीजी होतो, म्हणजे ए जाऊन टी येतो. पण हा जीन डीएनएच्या दोन धाग्यांपैकी उलट्या धाग्यावर असल्यामुळे फाइलमध्ये टी जाऊन ए आलेला दिसतो. ए आणि टी एकमेकांचेच जोडीदार, त्यामुळे धागा चुकला तरी अक्षरं तीच राहतात, प्रोग्रॅम चूक दाखवत नाही आणि वाहक कोण नि निरोगी कोण याचा गोंधळ आरामात छापून येतो. त्यात प्रथिनातली या बदलाची जागा जुन्या लेखनात ६वी आणि नव्या पद्धतीत ७वी, कारण नव्यात मेथिओनिन हे पहिलं अमिनो आम्लही मोजतात. मी फाइलच्या नावातच आवृत्ती लिहितो आणि ज्याचं निदान आधीच पक्कं आहे असं एक सॅम्पल प्रत्येक बॅचमध्ये ठेवतो.

अँपिसिलिन या अँटिबायोटिकच्या प्लेटवर मोठ्या कॉलनीभोवतीची बारीक पिल्लं उचलू नका. मोठीने सोडलेल्या एन्झाइमने औषध संपवलंय म्हणून ती जगली आहेत, त्यांच्यात प्लाझ्मिड (औषधाला दाद न देणारा जीन वाहणारं डीएनएचं कडं) नसतो.

प्रयोगशाळेतल्या उंदरांत ब्लॅक-६ जे आणि ब्लॅक-६ एन हे दोन वाण एकच समजू नका. जे प्रकारात एनएनटी हा मायटोकाँड्रियातल्या एका एन्झाइमचा जीन मोडलेला आहे.

आणि जीनची यादी एक्सेलमध्ये उघडू नका. सेप्ट-२ या जीनच्या नावाची तारीख होते, २ सप्टेंबर. शेवटी २०२० मध्ये जीनची नावं ठरवणाऱ्या समितीनेच नाव बदलून सेप्टिन-२ केलं, पण जुन्या यादीतला सप्टेंबर अजून तसाच आहे. यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवा, आणि एक्सेलच लागत असेल तर तो कॉलम आयात करतानाच टेक्स्ट म्हणून निवडा. नंतर फॉरमॅट बदलून सेप्ट-२ परत येत नाही, नुसता पाच आकडी नंबर मिळतो.