सागरवेणी आणि अंबाडा घरच्या घरी: अक्षता पडल्यापासून पंगत उठेपर्यंत टिकेल असा

लग्नघरात अंबाडा कलला की पहिला उपाय ठरलेला असतो: आणखी पाच आकडे (यू पिना) खोचायचे आणि वरून स्प्रे मारायचा. तासाभरात तो पुन्हा कलतो, कारण दुखणं खाली असतं, पोनीच्या पकडीत आणि केसांच्या तयारीत. पाया घट्ट बसला की मध्यम दाट केसांना बारा-पंधरा आकडे पुरतात.

केस आदल्या दिवशी धुवा. त्याच दिवशी धुतलेले केस इतके गुळगुळीत असतात की पेड बोटांतून निसटतात आणि पिना सरकतात. धुवायला दुसरा दिवसच नसेल तर कंडिशनर फक्त टोकांना लावा आणि केस मुळापर्यंत पूर्ण वाळवा. ओल्या केसांची वेणी घालू नका. ओला केस कोरड्यापेक्षा नाजूक असतो, ताणला की तुटतो. शिवाय अंबाड्याच्या आत राहिलेली ओल संध्याकाळपर्यंत वाळत नाही आणि केसांना कुबट वास येतो. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या थंडीत उलटा त्रास होतो, केस कंगव्यामागे उभे राहतात. त्यासाठी खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब तळहातावर चोळून फक्त टोकांवरून हात फिरवा. मुळांना तेल लागलं की वरचा फुगवटा बसतो.

सामान फार लागत नाही: शेपटीचा कंगवा, कापडी आवरणाचे दोन घट्ट रबर, तीन-चार बारीक रबर, पंधरा आकडे, दहा बॉबी पिना, केसांच्या रंगाचा डोनट (अंबाड्याला भर देणारी मऊ गोल कडी) आणि एक जाळी. नाशिकच्या मेनरोडला किंवा रविवार कारंज्याजवळ बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात हे सगळं मिळतं. बॉबी पिनेच्या टोकावरचा प्लॅस्टिकचा थेंब निघाला असेल तर ती पिन टाकून द्या, डोक्याला ओरखडे येतात.

सागरवेणी

कपाळावरचे तीन बोटं रुंदीचे केस उचला आणि त्यांचे तीन सारखे पेड करा. उजवा पेड मधल्यावरून, मग डावा मधल्यावरून, असे दोन वेढे साधे घाला. तिसऱ्या वेढ्यापासून प्रत्येक बाहेरच्या पेडात त्या बाजूची एक बारीक बट मिसळत जा. बट नेहमी केसांच्या कडेपासून, म्हणजे कपाळाच्या किंवा कानाच्या रेषेपासून उचलावी. मधूनच उचलली तर कडेचे केस मागे राहतात आणि वेणीच्या बाजूला झालर लोंबते. दोन्ही बाजूंच्या बटा सारख्या जाडीच्या घ्या, नाहीतर वेणी जाड बाजूकडे वळत जाते.

बोटं डोक्याला टेकलेली ठेवा. हात जितका वर उचलला जाईल तितकी वेणी सैल उतरते, आणि ते पूर्ण झाल्यावरच लक्षात येतं. मानेशी पोचल्यावर जवळजवळ सगळ्यांकडून एक चूक होते: वेणी घालून घेणारी मान खाली घालते. खाली घातलेल्या मानेवर विणलेले केस डोकं वर केलं की फुगून लोंबतात. मान सरळ हवी, नजर समोर. स्वतःची वेणी स्वतः घालताना हे जास्त जपावं लागतं. हात दुखले तर कोपर भिंतीला टेकवा, पण मान वाकवू नका.

मानेखाली साधी तीनपेडी वेणी घालून शेवटी बारीक रबर लावा. मग खालून वर जात प्रत्येक वेढ्याची कड दोन बोटांनी हलकेच बाहेर ओढली की वेणी रुंद आणि भरलेली दिसते. हे रबर लावल्यानंतरच करावं. पेड मधल्याच्या वरून घेण्याऐवजी खालून घेतला की वेणी डोक्यावर उठून बसते. पातळ केसांना ही उलटी सागरवेणी फार शोभते. केस खांद्यापर्यंतच असतील तर मानेशी पोचल्यावर गंगावन (वेणी लांबवायचे जोडकेस) जोडा आणि त्याचा दोरा तीनही पेडांत वाटून विणा, एकाच पेडात अडकवलं तर ते चालताना डोलतं.

अंबाडा

आधी जागा ठरवा. उंच अंबाड्यासाठी हनुवटीपासून कानाच्या वरच्या टोकातून मागे रेघ ओढल्याची कल्पना करा, ती डोक्याला जिथे भेटते तिथे पोनी येते. नऊवारी आणि खोप्यासाठी याहून चार बोटं खाली या. लॉन्सवर दुचाकीने जायचं असेल तर मानेलगतचाच अंबाडा घाला. हेल्मेट घालायलाच हवं, आणि उंच अंबाड्यावर ते नीट बसत नाही.

एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत भांग पाडून पुढचे केस वेगळे बांधा. मागच्या केसांची पोनी घाला आणि रबराचे तीन वेढे द्या. डोकं जोरात हलवून पाहा. पोनी हलली तर रबर काढून पुन्हा बांधा, पुढचं सगळं हिच्यावर उभं राहतं. मग पोनी डोनटमधून ओवून केस चारी बाजूंना पसरा, वरून दुसरा रबर चढवा. उरलेल्या केसांचे दोन भाग करून पीळ द्या आणि ज्या दिशेला पीळ दिला त्याच दिशेला बुडाभोवती गुंडाळा. उलट गुंडाळलं तर पीळ आपोआप उलगडतो. आता पुढचे केस सैलसर मागे आणून पोनीच्या रबराखाली पिनांनी बसवा.

आकडा लावण्याची रीत नीट शिकण्यासारखी आहे. सरळ आत खोचलेला आकडा केसांतून तसाच बाहेर येतो. त्याची टोकं आधी अंबाड्याच्या बाहेरच्या दिशेला धरून कडेचे थोडे केस पकडा, मग आकडा उलटा फिरवून टोकं अंबाड्याच्या मध्याकडे, डोक्याला समांतर ढकला. त्याचे पाय पोनीच्या केसांत शिरले पाहिजेत. तसं झालं की आकडा अडकल्याचं बोटाला कळतं. पहिले चार आकडे घड्याळातल्या बारा, तीन, सहा आणि नऊच्या जागी लावा, बाकीचे मधल्या फटींत. बॉबी पिनेची नागमोडी बाजू डोक्याकडे हवी. कपाळाजवळच्या निसरड्या केसांत दोन पिना फुलीसारख्या एकमेकींवर लावा, एकटी पिन तिथे टिकत नाही. जाळी सगळ्यात शेवटी.

डोकं ठणकायला लागलं तर ते सहन करू नका, लगेच सैल करा. वारंवार ताण बसला तर कपाळाच्या कडेचे केस मुळापासून विरळ होतात, आणि ताण खूप काळ चालू राहिला तर परत येत नाहीत.

नवरीच्या अंबाड्यासाठी मुंडावळ्यांचा विचार आधीच करा. त्यांचे दोरे मागे अंबाड्याच्या खालून बांधले जातात, म्हणून तिथे बोटभर जागा सोडा. डोक्यावर पदर किंवा शेला येणार असेल तर तो पिनेने अंबाड्याला न लावता पुढच्या केसांत लावा. येवल्याच्या पैठणीचा जरीचा जड पदर अंबाड्यावर अडकवला की तो दिवसभर मागे ओढत राहतो.

गजरा

दहा सेंटीमीटर व्यासाच्या अंबाड्याला एका फेऱ्यासाठी साधारण 31 सेंटीमीटर गजरा लागतो. दोन फेऱ्यांना दीड हात घ्या. संध्याकाळच्या लग्नासाठी मोगरा सकाळी मिटलेल्या कळ्यांचा घ्या, कळी संध्याकाळनंतर उमलते आणि सप्तपदीच्या वेळी वास भरात असतो. तोवर ओल्या सुती कापडात गुंडाळून डब्यात, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. थंडीत मोगरा दुर्मीळ आणि महाग होतो. तेव्हा शेवंतीची वेणी किंवा दिंडोरी तालुक्यातले गुलाब घ्यावेत. मुघलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचं शहर, म्हणत, तेव्हा अंबाड्यात एक गुलाब इथे कधीच परका वाटत नाही.

गजऱ्याचं एक टोक अंबाड्याच्या खालच्या बाजूला आकड्याने अडकवून फेरे सुरू करा आणि दुसरं टोक तिथेच आणून संपवा. आकडा दोऱ्यावर बसला पाहिजे, फुलावर बसला तर पाकळ्या काळ्या पडतात. स्प्रे मारायचाच असेल तर गजऱ्याच्या आधी, हातभर अंतरावरून.

सोडताना आधी गजरा काढा, मग जाळी, मग आकडे एकेक करून. लावताना मोजले असतील तर एखादा आत राहिल्याचं लगेच कळतं. पुढच्या केसांत अक्षता अडकलेल्या असतात, त्या कोरड्याच बोटांनी वेचा. स्प्रेने कडक झालेल्या केसांवर लगेच कंगवा चालवू नका. थोडं तेल लावून दहा मिनिटं थांबा आणि टोकांपासून वर येत रुंद दातांच्या कंगव्याने गुंता सोडवा.