युरोपातल्या जुन्या सरदाराची वंशावळ कशी मांडायची

आधी एक मोठा कार्डशीट आणा, मी अब्दुल रहमान स्ट्रीटवरून आणला होता, आणि तो आडवाच धरा, उभ्यात भावंडं मावत नाहीत. पेन नको, पेन्सिल घ्या, कारण त्या काळच्या जन्मसालाआधी बऱ्याचदा 'सुमारे' लिहावं लागतं. मी इंग्लंडचा विल्यम मार्शल घेतला, जन्म सुमारे ११४६, मृत्यू १४ मे १२१९.

पहिला घोळ आडनावाचा होतो. मार्शल हे मुळात राजाच्या दरबारातलं पद, ते घराण्यात चालत आलं आणि नावाला चिकटलं, आपल्याकडे फडणीस, चिटणीस झाले तसंच. वडील जॉन फिट्झगिल्बर्ट, म्हणजे गिल्बर्टचा मुलगा. बायको इझाबेल द क्लेअर, ते गावावरून, आपल्या चिपळूणकरांसारखं.

प्रत्येक नावाखाली एक ओळ आयुष्याची लिहा, नाहीतर नुसती नावं राहतात. विल्यमखाली मी ११५२ लिहिलंय. न्यूबरीच्या वेढ्यात पाच-सहा वर्षांचं हे पोर राजा स्टीफनकडे ओलीस होतं, बापाने शब्द मोडला, तरी राजाने पोराला मारलं नाही. लिहिताना हात थांबतोच.

आता बायकोचं माहेर, ते वेगळ्या रंगात काढा. विल्यम धाकट्या मुलांपैकी, त्यामुळे वाट्याला जमीन फारशी नव्हतीच, ११८९ ला लग्न झालं आणि वेल्समधलं चेपस्टो, आयर्लंडमधलं लेन्स्टर हे सगळं इझाबेलमुळे आलं. तिची आई ईफा लेन्स्टरच्या राजाची मुलगी.

मुलं दहा, पाच मुलगे, पाच मुली. मी मुलगे ठळक काढले आणि मुली कोपऱ्यात बारीक अक्षरात. आई गवार मोडता मोडता शीटकडे बघत होती, म्हणाली, अरे पण मग जमीन कुणाला गेली? पाचही मुलगे एकामागोमाग वारस झाले आणि कायदेशीर मूल न ठेवता गेले, शेवटचे दोघे वॉल्टर आणि अँसेल्म १२४५ मध्ये महिन्याभराच्या अंतराने. मग सगळं पाच लेकींच्या घरांत वाटलं गेलं. मार्शलपद थोरल्या मॉडकडे आणि तिच्याकडून तिचा मुलगा रॉजर बिगॉडकडे, १२४६ ला. मला अख्खा शीट परत काढावा लागला, म्हणून सांगते, अर्धी जागा मुलींसाठी मोकळी ठेवाच, आणि पुनर्विवाह असेल तर दोन्ही नवऱ्यांकडे रेघ ओढा. विल्यमची मुलगी इझाबेल, आईचंच नाव, तिचा पहिला नवरा गिल्बर्ट द क्लेअर, तो गेल्यावर १२३१ ला तेव्हाचा राजा तिसरा हेन्री याचा भाऊ रिचर्ड.