किबालेच्या जंगलात फुलपाखरं कशी पाहावीत

युगांडाच्या पश्चिमेला फोर्ट पोर्टल शहराजवळ किबाले राष्ट्रीय उद्यान आहे. क्षेत्रफळ जवळपास ८०० चौरस किलोमीटर, उंची साधारण १,१०० ते १,६०० मीटर. लोक इथे चिंपांझी पाहायला येतात आणि फुलपाखरं वाटेत दिसली तर पाहतात. खरं तर फुलपाखरांसाठी वेगळे दिवस काढावेत इतकं हे जंगल श्रीमंत आहे. फक्त इथे चालण्यापेक्षा थांबण्याला जास्त महत्त्व आहे, आणि सगळी आखणी त्याच हिशेबाने करायची.

आधी तारखा ठरवा

इथे पावसाळे दोन: मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. पावसात कोवळी पालवी फुटते, त्यावर अळ्या वाढतात आणि पाऊस ओसरताना फुलपाखरं बाहेर पडतात. म्हणून मेअखेर ते जून किंवा नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर हा काळ धरा. भर पावसाळ्यात गेलात तर सकाळ ढगांत जाते. कोरड्या काळाच्या शेवटी गेलात तर पाणवठे आटलेले असतात. किमान चार सकाळी हाताशी ठेवा, त्यातली एखादी पावसात जाणारच.

पिवळ्या तापाची लस सक्तीची आहे. तिचं प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य धरलं जातं, त्यामुळे लस शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. परतताना भारतातल्या विमानतळावरही ते तपासतात आणि नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांबद्दल निघण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

सामान

दुर्बीण ८×३२ च्या आसपासची आणि दीड ते दोन मीटरवर फोकस होणारी हवी. पक्ष्यांसाठी घेतलेल्या बऱ्याच दुर्बिणींतून तीन मीटरच्या अलीकडचं धूसर दिसतं. चिखलावर बसलेल्या फुलपाखराला त्यांचा उपयोग नाही. कॅमेऱ्याला १०० मि.मी. मॅक्रो किंवा जवळ फोकस होणारी ३०० मि.मी. लेन्स लावा. झाडीखाली उजेड इतका कमी असतो की आयएसओ १६०० ते ३२०० लागतो. तो वाढवायला कचरून शटर १/२५० च्या खाली नेलं की फोटो हलतो.

पूर्ण बाह्यांचे फिक्या, मातकट रंगाचे कपडे घाला आणि पँट मोज्यांत खोचा. वाटेवर सफारी मुंग्यांच्या रांगा असतात. फोटोच्या नादात रांगेवर उभं राहिलात तर मुंग्या आधी गुडघ्यापर्यंत चढतात आणि मग चावायला लागतात. डासांचं औषध लावल्यावर बोटं पुसून घ्या, कारण त्यातलं डीट दुर्बिणीचं प्लास्टिक आणि रबर खातं.

रेंजरशी आदल्या दिवशी बोला

जंगलात हत्ती आहेत, त्यामुळे उद्यानात रेंजरशिवाय फिरता येत नाही. उद्यानातल्या कान्यांचू पर्यटन केंद्रावरचे रेंजर चिंपांझींमागे झपाझप चालण्यात तरबेज असतात, आणि तीच चाल फुलपाखरं उधळून लावते. म्हणून आदल्या दिवशीच स्पष्ट सांगा: चिंपांझी नकोत, दोन-तीन किलोमीटरच चालायचं आहे, ऊन पडणाऱ्या मोकळ्या जागा, ओढ्याचे काठ आणि ओल्या वाटा दाखवा. चिंपांझीही पाहायचे असतील तर त्यासाठी दुसरा दिवस ठेवा. एकाच सकाळी दोन्ही करू गेल्यास फुलपाखरांचे तास हातचे जातात. जाळी नेऊ नका. परवान्याशिवाय फुलपाखरं पकडता येत नाहीत.

एक सकाळ उद्यानाच्या हद्दीबाहेरच्या बिगोडी पाणथळीला द्या. ती गावकऱ्यांची संस्था सांभाळते. पपायरसच्या (लव्हाळ्यासारखी उंच पाणवनस्पती) दलदलीकडेने जाणारी ही वाट उघडी असल्याने ऊन लवकर पोचतं. ढगाळ दिवशी तर आम्ही जंगलाआधी बिगोडीच सुचवू.

सकाळचे तास

विषुववृत्त जवळ असल्याने सूर्य वर्षभर सातच्या सुमारास उगवतो. नऊपर्यंत जंगल थंड असतं. साडेनऊ ते साडेबारा हा खरा वेळ; दुपारी ढग जमतात.

ओली माती, डबक्याची कड, जनावराच्या मुताची किंवा शेणाची जागा सापडली की तिथेच थांबा. मातीतलं सोडियम शोषायला फुलपाखरं, त्यातही मुख्यतः नर, इथे जमतात. यालाच चिखलपान म्हणतात. पाच मीटरवर थांबून दोन मिनिटं काहीच करू नका. मग खाली बसून पुढे सरका आणि तुमची सावली थव्यावर पडू देऊ नका. थवा उठला तर मागे धावू नका; जागेवर स्थिर राहिलात तर काही मिनिटांत पुन्हा बसू लागतो. दहा किलोमीटर पालथे घालण्यापेक्षा अशा एका जागी सलग दोन सकाळी बसणं कितीतरी फळतं.

चॅरॅक्सिस गटातली जाड अंगाची, वेगवान फुलपाखरं (आपल्याकडच्या ‘राजा’ आणि ‘नवाब’ यांची भावंडं) फुलांकडे क्वचितच फिरकतात. त्यांना शेण, झाडाचा पाझरता रस आणि सडकी फळं हवीत. उद्यानात आमिष लावू नका. मुक्कामाच्या बागेत मालकाची परवानगी असेल तर किलोभर अतिपिकलेली ‘न्दीझी’ ही छोटी गोड केळी कुस्करून त्यात मूठभर गूळ घाला आणि सैल झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवा. झाकण घट्ट लावलंत तर डबा फुगून उडतो. मातोकेची हिरवी केळी घेऊ नका, ती शिजवून खायची असतात आणि आंबत नाहीत. आमिष बशीत घालून कमरेच्या उंचीवर टांगा, दोरीला ग्रीस लावा म्हणजे मुंग्या चढत नाहीत. संध्याकाळी बशी आत घ्या, नाहीतर माकडं येतात.

ओळख पटवताना

इथली सर्वांत मोठी फसगत काळ्या-पांढऱ्या फुलपाखरांची होते. अमॉरिस निॲव्हियस हे विषारी. त्याच्यासारखंच दिसतं हायपोलिम्नास अँथेडॉन, आणि पॅपिलिओ डार्डॅनसच्या माद्यांचा एक प्रकारही तसाच, तोही शेपटीशिवाय. डार्डॅनसचा नर मात्र पिवळा आणि शेपटीवाला, त्यामुळे जोडी एकाच जातीची आहे यावर विश्वास बसत नाही. रंगांपेक्षा पाय मोजा: स्वॅलोटेल कुळातलं डार्डॅनस सहा पायांवर उभं राहतं, बाकीच्या दोन्ही जाती चारच पाय टेकतात. फुलावर असतानाही डार्डॅनसचे पंख थरथरत राहतात. उरलेल्या दोघांत, पानावर ठाण मांडून बसणारं आणि उडून पुन्हा त्याच पानावर येणारं बहुधा हायपोलिम्नास. अमॉरिस संथ तरंगत जातं, त्याला घाई नसते.

हा सराव घरीच सुरू करता येतो. प्लेन टायगर आणि त्याची नक्कल करणारी डॅनेड एगफ्लायची मादी या दोन्ही जाती महाराष्ट्रात आहेत आणि युगांडातही. संध्याकाळी पायवाटेवर सुक्या पानासारखं उडणारं कॉमन इव्हनिंग ब्राउनही दोन्हीकडे आहे.

प्रत्येक फुलपाखराचे दोन फोटो घ्या, पंखांच्या वरच्या बाजूचा आणि खालच्या. चॅरॅक्सिस आणि छोट्या निळ्या फुलपाखरांच्या (‘ब्लू’) गटात खालच्या नक्षीशिवाय जात ठरत नाही. एकच मिळणार असेल तर खालच्या बाजूचा घ्या. वेळ, जागा, उंची आणि ते कशावर बसलं होतं हे त्याच दिवशी लिहा.

वेळ उरला तर

फोर्ट पोर्टलहून रस्त्याने सेमुलिकी राष्ट्रीय उद्यान गाठा. ते ७०० मीटरच्या आसपासच्या सखल, दमट जंगलात आहे आणि ते जंगल काँगोच्या इतुरी जंगलाशी जोडलेलं असल्याने किबालेत न दिसणाऱ्या जाती इथे मिळतात. सेम्पायाच्या गरम झऱ्यांभोवतीची ओली जमीन चिखलपानाची हमखास जागा आहे. पाणी उकळतं असतं, वाट सोडू नका. इथे उकाडा जास्त, म्हणून माणशी किमान दोन लिटर पाणी घ्या आणि आठलाच सुरुवात करा.