व्हिडिओ बघून अर्जेंटाइन टँगो शिकायचाय? मग आधी नीट चालायला शिका

टँगोचे व्हिडिओ शोधायला गेलं की आधी समोर येतात ते स्टेजवरचे शो, पाय हवेत उडतायत, कोणीतरी जमिनीला टेकेपर्यंत वाकलंय, आणि बघणाऱ्याला वाटतं आपल्याला हेच शिकायचंय. तर तो टँगो एसेनारिओ, म्हणजे प्रेक्षकांसाठी बसवलेला नाच. लोक एकमेकांबरोबर नाचतात तो टँगो दे पिस्ता, दिसायला खूप साधा, आणि त्यात आधीपासून काहीच बसवलेलं नसतं, लीडर प्रत्येक पाऊल तिथल्या तिथे सुचवतो आणि फॉलोअर ते अंगाने ओळखून पुढे जातो. शिकायचा तो हा. सर्चमध्ये अर्जेंटाइन हा शब्द टाकाच, नाहीतर मान झटकत करतात तो बॉलरूमवाला टँगो येतो आणि तो वेगळाच नाच आहे.

आता व्हिडिओवरून नक्की किती शिकता येतं? माझं म्हणणं असं की जे एकट्याने करता येतं ते सगळं, म्हणजे चाल, बॅलन्स, कमरेतला पीळ, संगीत ओळखणं, हे व्हिडिओवरून छान होतं. पण अब्रासो, म्हणजे टँगोची मिठी, स्क्रीनवर दिसते तेवढीच, समोरच्याच्या छातीतून येणारा इशारा केवढा हलका असतो ते अंगाला लागल्याशिवाय कळतच नाही. म्हणून फिगर्सच्या मागे लागू नका. गांचो, बोलेओ असले पाय उडवायचे व्हिडिओ सुरुवातीला उघडूच नका, ते लीड न समजता केले तर समोरच्याला लागतं.

शिक्षक एकच निवडा, किंवा एकच जोडी, आणि निदान काही महिने त्यांनाच धरून राहा. वजन कुठे ठेवायचं, टाच आधी की बोटं आधी, मिठी किती जवळची, प्रत्येकाची पद्धत वेगळी असते आणि चार जणांचं ऐकून नुसता गोंधळ होतो. ज्यात दोघांची पावलं वेगवेगळी दाखवलीयत आणि पाठीमागून शूट केलंय असे व्हिडिओ घ्या, म्हणजे डावं-उजवं डोक्यात उलटं करत बसावं लागत नाही. बघताना एकदा फक्त पाय बघा, मग पाय झाकून फक्त छाती आणि खांदे बघा, मग स्पीड अर्धा करून आवाज बंद ठेवून बघा. दुसऱ्या वेळी खरी गंमत कळते, पाय हलायच्या आधी छाती हललेली असते.

चालीवर मात्र भरपूर वेळ घालवा. पाय जवळ घेऊन उभे राहा, सगळं वजन डाव्या पायावर, इतकं की उजवा उचलला तरी अंग हलायला नको. डावा गुडघा जरा सैल सोडा, त्याच पायाने जमीन ढकला आणि छाती पुढे जाऊ द्या, उजवा पाय जमिनीला घासत आपोआप पुढे येईल. तो टेकला की पूर्ण वजन त्यावर न्या आणि मागचा पाय असा जवळ आणा की घोट्याला घोटा लागला पाहिजे. इथे थांबा. स्थिर थांबता आलं तर वजन नीट गेलं, डुगडुगलात तर अर्धं वजन अजून मागेच आहे. उलटं चालताना पाय मांडीपासून मागे लांबवायचा, नुसता गुडघ्यातून नाही. लीडर व्हायचं असो की फॉलोअर, दोन्ही करा. आणि मोबाइल समोर ठेवून स्वतःचं शूटिंग घ्या, एकदा समोरून एकदा बाजूने, कारण खाली बघत चालतोय हे आपलं आपल्याला चालताना जाणवत नाही.

पीळ शिकायला भिंत घ्या. दोन्ही तळवे भिंतीला, छाती भिंतीकडेच, आणि एका पायावर उभं राहून फक्त कंबर डावीकडे, मग पाय बदलून उजवीकडे. हे सोपं झालं की त्याच भिंतीला धरून ओचो करा, म्हणजे पाऊल, पाय जवळ, पिवट (एका पायावर जागच्या जागी वळणं), परत पाऊल. चिकटणाऱ्या रबरी सोलच्या बुटांत पिवट करू नका, बूट जागेवर राहतो आणि सगळा पीळ गुडघ्यावर येतो. चामड्याचा सोल असेल तर उत्तम, नाहीतर मोजे चालतील, फक्त फरशी फार गुळगुळीत नको.

बऱ्याच ठिकाणी पहिला धडा म्हणून आठ पावलांचा बेसिक शिकवतात, पाचव्या पावलाला फॉलोअरचा डावा पाय उजव्यापुढे क्रॉस होतो तो. शिका, हरकत नाही, पण त्यात लीडरचं पहिलं पाऊल मागे जातं ते गाळा आणि बाजूच्या पावलापासून सुरू करा. फ्लोअरवर सगळे घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरत असतात, त्याला रोंडा म्हणतात, तिथे मागे पाऊल टाकलं की मागच्या जोडीवर आदळलातच.

संगीत रोज ऐका, नाचत नसाल तेव्हाही. मिलोंगात, म्हणजे टँगोच्या पार्टीत, आजही मुख्यतः साधारण १९३५ ते १९५५ मधली ब्युनोस आयर्सच्या ऑर्केस्ट्रांची रेकॉर्डिंग्ज वाजतात. चालायला कार्लोस दी सार्लीची १९५० च्या दशकातली वादनं घ्या, ठोका स्पष्ट आणि चाल संथ. मग हुआन दारिएन्सो, त्याचा ठोका इतका कडक की त्याला तालाचा राजाच म्हणायचे. ओस्वाल्दो पुग्लिएसे अप्रतिम आहे पण लय ताणतो आणि सोडतो, तो नंतर. आधी प्रत्येक ठोक्याला एक पाऊल, मग मधेच एखादा ठोका सोडून नुसतं थांबायचं, असं थांबता आलं की नाच टँगोसारखा दिसायला लागतो. तीन ठोक्यांचा वाल्स आणि वेगवान मिलोंगा (पार्टीलाही हेच नाव आणि या तालालाही) थोडं थांबून घ्या.

घरी पार्टनर असेल तर मिठीच्या आधी एकमेकांचे दंड धरा, फॉलोअरने डोळे मिटा, आणि लीडरने हात न ढकलता फक्त छातीने वजन एका पायावरून दुसऱ्यावर न्या. फॉलोअरला न बघता कळलं कुठला पाय मोकळा आहे, की मग चाला. भूमिका बदलून पण करा.

एवढं झालं की प्राक्तिका शोधा, म्हणजे सरावाची बैठक. तिथे मधेच थांबून विचारलेलं, परत करून बघितलेलं चालतं, मी व्हिडिओवरून शिकलोय असं सरळ सांगा, लोक प्रेमाने सांभाळून घेतात. मिलोंगाला नंतर जा, तिथे फ्लोअरवर कोणाला शिकवत नाहीत. नाचायला विचारायचं ते लांबून नजरेने आणि मानेच्या हलक्या इशाऱ्याने, त्याला काबेसेओ म्हणतात. एकदा उठलात की तीन-चार गाण्यांचा अख्खा तांदा त्याच व्यक्तीबरोबर करायचा, मग कोर्तिना म्हणून वेगळ्याच संगीताचा छोटा तुकडा वाजतो, तेव्हा आभार मानून पार्टनरला जागेपर्यंत सोडायचं. आभार तांद्याच्या मधे मानू नका, मला आता थांबायचंय असा त्याचा अर्थ लावतात.