गाडीच्या दरवाज्याच्या रबराजवळ माती साचू नये, कलर जाऊ नये यासाठी काय करायचं

गाडी धुतली, बाहेरून चकाचक झाली, आणि दरवाजा उघडून बघितला तर आतल्या कडेला रबराच्या बाजूने मातीची काळी पट्टी तशीच. बहुतेक गाड्यांची हीच अवस्था असते, कारण वॉशिंग सेंटरवाला दरवाजे उघडून धूत नाही आणि सोसायटीत रोज सकाळी गाडी पुसणाऱ्या दादांकडे चावीच नसते. दसऱ्याला आपण गाडी घासूनपुसून हार घालतो तेव्हासुद्धा ही कड राहूनच जाते. आणि कलर खराब व्हायला सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते.

लोक म्हणतात रबराने कलर खाल्ला. पण रबर मऊ असतं हो, नुसत्या रबराने एवढं काही होत नाही, कलर जातो तो रबर आणि पत्रा यांच्यामध्ये अडकलेल्या मातीच्या कणांमुळे. गाडी खड्ड्यातून जाते तेव्हा बॉडी किंचित पिळते, बंद दरवाजासुद्धा चौकटीत केसभर हलत असतो, रबर दाबलेलं असतंच, मग मधली धूळ पॉलिश पेपरसारखी घासत राहते. कंपनीचा कलर सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, आणि दरवाज्याच्या आतल्या बाजूला तर बऱ्याच गाड्यांना त्याहून पातळ मारलेला असतो. म्हणून आधी चमक जाते, मग पांढुरका पट्टा दिसायला लागतो, मग प्रायमर आणि शेवटी पत्रा. एकदा पत्रा दिसला आणि वरून पाऊस लागला की गंज आलाच.

आता बघायचं कुठे ते सांगतो. चारही दरवाजे पूर्ण उघडा आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धरा, समोरून धरला तर घासलेलं दिसत नाही. सगळ्यात जास्त माती मागच्या दरवाज्याच्या खालच्या कोपऱ्यात असते, चाकाच्या कमानीला लागून जो भाग येतो तिथे, कारण चाकांचा चिखल उडून तिकडे साचतो. दुसरी जागा म्हणजे खालचा उंबरा, जिथे पाय ठेवून आपण आत शिरतो. तिसरी, काचेच्या फ्रेमचा वरचा मागचा कोपरा. आणि डिकीचं रबर, ते तर कोणी बघतच नाही, त्याच्याखाली सुकलेली पानं आणि बारीक खडे निघतात.

साफ करायचं तर पहिला नियम एकच, कोरडं फडकं फिरवायचं नाही. कोरड्या फडक्याने तीच माती तुम्ही स्वतः कलरवर घासता. आधी साध्या पाइपने हळू पाणी सोडा, किंवा मग स्प्रे बाटलीने भरपूर पाणी मारा आणि दोन मिनिटं थांबा, माती फुगून सैल होऊ द्या. प्रेशर वॉशरचा फवारा रबरावर जवळून अजिबात मारू नका, रबराची कड उलटते, पाणी थेट आत घुसतं, आणि आजकाल दरवाज्यात स्विच, स्पीकर, वायरिंग सगळं भरलेलं असतं. मग बादलीत कार शाम्पू घ्या, भांड्यांचा साबण नको, आणि मऊ केसांचा ब्रश घ्या, रंगाच्या दुकानात मिळतो तो एक इंची ब्रशही चालतो, फक्त त्याच्या पत्र्याच्या पट्टीला टेप गुंडाळा म्हणजे ती कलरला लागणार नाही. बऱ्याच रबरांना दोन ओठ, म्हणजे मऊ कडा असतात बघा, ते बोटाने हळूच बाजूला करून आतल्या खाचेत ब्रश फिरवायचा आणि प्रत्येक वेळी वेगळ्या पाण्यात धुवायचा. रबर साफ झालं की त्याच्या समोरचा पत्रा, जिथे ते रबर टेकतं, तोही तसाच धुवा. हे अर्धं काम बरेचजण विसरतात, रबर चमकवतात आणि पत्र्यावरची माती तशीच ठेवून दरवाजा लावतात.

नंतर मायक्रोफायबरने टिपून घ्या आणि दरवाजे सावलीत थोडा वेळ उघडेच राहू द्या. ओलं असताना लगेच लावले तर उरलेली माती चिखल होऊन रबराला चिकटते आणि सुकून कडक होते.

आता दरवाज्याच्या अगदी खालच्या कडेला हात घाला, तिथे दोन-तीन बारीक भोकं किंवा चिरा असतात. काचेच्या बाहेरच्या पट्टीतून पावसाचं थोडं पाणी दरवाज्यात उतरतंच, ते कंपनीने धरूनच चाललेलं असतं आणि ते बाहेर जायला ही भोकं ठेवलेली असतात. मातीने ती बुजली की पाणी दरवाज्यात साठतं, दरवाजा उघडताना खळखळ आवाज येतो, आणि खालचा दुमडलेला पत्रा आतून गंजायला लागतो, बाहेर फुगवटा दिसतो तोपर्यंत आतलं काम झालेलं असतं. प्लॅस्टिकच्या केबल टायचं टोक घालून भोक मोकळं करा, स्क्रू ड्रायव्हर नको, कलर उडतो. मग काच वर करून तिच्यावर मगभर पाणी ओता, खालून टपटप गळायला लागलं की समजायचं रस्ता मोकळा आहे.

सगळं कोरडं झालं की रबराला काय लावायचं, इथे मात्र लोक काहीही करतात. दरवाज्याचं रबर बहुतेक गाड्यांत ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचं असतं, त्याला ऊन-पाऊस चालतो पण पेट्रोलियम तेल चालत नाही, फुगतं आणि पुढे ढिलं पडतं. म्हणजे इंजिन ऑइल, डिझेल, साधं ग्रीस, व्हॅसलीन यातलं काही नको. पावसाळ्याआधी गाडीला खालून ऑइलचा स्प्रे मारून घेत असाल तर त्या माणसाला स्पष्ट सांगा की दरवाज्याच्या रबराकडे उडवू नको. खोबरेल तेलाचा सल्लाही पुष्कळ मिळतो, पण ते चिकट राहतं आणि धूळ धरतं, म्हणजे जे टाळायला निघालो तेच परत. टायर पॉलिशचंही तसंच. सिलिकॉन ग्रीस किंवा सिलिकॉन स्प्रे घ्या, फडक्यावर घेऊन रबरावर अगदी पातळ हात फिरवा आणि जास्तीचं पुसून टाका. बोट लावल्यावर तेलकट लागलं तर जास्त झालंय. थेट गाडीवर स्प्रे मारायचा नाही, काचेवर उडाला तर पावसात वायपरखाली धूसर दिसतं. वर्षातून दोनदा, मे महिन्याच्या शेवटी आणि पावसाळा संपल्यावर, एवढं पुरतं. पत्र्याची जी पट्टी रबराला लागते तिच्यावर वॅक्सचा एक हात मारला तर माती तिथे कमी धरते, हे मला सिलिकॉनपेक्षाही जास्त कामाचं वाटतं.

कोकणात जाणाऱ्यांनी जरा जास्त लक्ष द्या. गणपतीला भर पावसात गाड्या जातात, जांभ्या मातीचा लाल चिखल रबराच्या खाचेत बसतो, वर समुद्राकडची खारी हवा, म्हणजे कलर जरा जरी घासला गेला असेल तरी गंज लवकर धरतो. परत आल्यावर बाहेरून धुवायचं राहिलं तरी चालेल, पण दरवाजे उघडून कडा आधी धुवा. विदर्भ-मराठवाड्यात त्रास वेगळा, उन्हाळ्यात गाडी दिवस दिवस उन्हात उभी राहून रबर कडक होतं, चिरा पडतात, आणि असं कडक रबर खरंच जास्त घासतं. शक्य असेल तर सावली शोधा, नाहीतर रबर वेळेत बदला.

आता बाहेरून लावायच्या बीडिंगबद्दल. आवाज कमी होतो म्हणून डबल साइड टेपवाली जादा रबर बीडिंग आणि दरवाज्याच्या कडेला क्रोमची पट्टी हे दोन्ही खूप खपतं. आवाज थोडा कमी होतही असेल, पण ज्या दरवाज्यात एका रबराची जागा आहे तिथे दोन कोंबली की दरवाजा आपटून लावावा लागतो, दाब वाढतो आणि माती अडकायला आणखी एक फट तयार होते. क्रोमच्या पट्टीखाली तर ओल आणि माती दोन्ही मुक्कामाला येतात, काढून बघा, खाली कलर गेलेला दिसेल. माझं मत स्पष्ट आहे, नवीन गाडीला हे लावू नका. संरक्षणच हवं असेल तर जिथे घासतं तेवढ्याच पट्ट्यावर पारदर्शक पीपीएफ, म्हणजे कलर वाचवणारी फिल्म लावून घ्या, ती साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाड असते, घासलं तर आधी ती घासली जाते. छोटा तुकडा लागतो, त्यामुळे खर्चही फार येत नाही.

जिथे कलर आधीच गेलाय तिथे सिलिकॉन लावायच्या आत टचअप करून घ्या, कारण सिलिकॉन लागलेल्या पत्र्यावर रंग धरत नाही, डोळे डोळे म्हणजे बारीक गोल खड्डे पडतात. गंज असेल तर बारीक वॉटर पेपरने काढायचा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं, पत्रा उघडा असेल तर आधी प्रायमर, मग गाडीवरच्या कंपनीच्या माहितीच्या प्लेटवरचा (नंबर प्लेट नव्हे) कलर कोड बघून घेतलेला टचअप पेंट पातळ पातळ थरांत, वर क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. पूर्ण सुकल्याशिवाय दरवाजा दाबून लावायचा नाही, नाहीतर रबर रंगाला चिकटतं आणि उघडताना सोलून निघतो.

एवढं सगळं करूनही त्याच जागी परत घासायला लागलं तर दोष मातीचा नाही, दरवाजा खाली बसलाय. कागदाची पट्टी मध्ये ठेवून दरवाजा लावा आणि ओढून बघा, सगळीकडे सारखी अडकली पाहिजे. एका जागी सहज सुटते आणि दुसरीकडे फाटते असं झालं तर बिजागरी आणि लॅचची सेटिंग करून घ्या, चांगल्या डेंटिंगवाल्याकडे हे काम पटकन होतं, आणि ते झाल्यावरच नवीन रबर टाका.