फाइलसिस्टिमच्या कोडमधील स्थिरांकांचा मेळ कंपाइल होतानाच कसा तपासावा

फाइलसिस्टिमच्या कोडमध्ये एकच गोष्ट दोन वेगळ्या आकड्यांत लिहिलेली अनेकदा आढळते. लिनक्स कर्नलमधील (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातील) एक्स्ट४ ही फाइलसिस्टिम पाहा. तिच्या प्रत्येक आयनोडमध्ये (फाइलची माहिती ठेवणाऱ्या नोंदीत) फ्लॅगांसाठी, म्हणजे होय-नाही खुणांसाठी, ३२ बिटांचे एक क्षेत्र असते आणि त्यातील फ्लॅगांना दोन-दोन नावे आहेत, एक मास्कचे (फक्त तो बिट लावलेल्या संख्येचे) आणि दुसरे बिट-क्रमांकाचे. फाइल एक्स्टेंट पद्धतीने (सलग ब्लॉकांच्या पट्ट्यांत) साठवली आहे हे सांगणाऱ्या फ्लॅगचा मास्क हेक्समध्ये ८०००० आहे, तर त्याचा बिट-क्रमांक १९ आहे. बिट लावणारी व काढणारी फंक्शन्स क्रमांक मागतात. सीएचअ‍ॅटरसारखी फाइलचे फ्लॅग बदलणारी साधने मास्क ओळखतात. नवा फ्लॅग जोडताना क्रमांक एकाने चुकला, तर कंपायलर तक्रार करत नाही आणि साध्या चाचण्याही पार पडू शकतात, कारण लिहिताना व वाचताना तोच चुकीचा क्रमांक वापरला जातो. चूक लक्षात येईपर्यंत चुकीचा बिट लोकांच्या डिस्कवर गेलेला असतो आणि पुढे कोड दुरुस्त केला, तरी ती डिस्क आपोआप दुरुस्त होत नाही. म्हणूनच हा मेळ बिल्ड होतानाच, म्हणजे कोड कंपाइल होऊन प्रोग्राम बनतानाच, तपासला गेला पाहिजे.

तपासणी लिहिण्याआधी दोन्ही आकडे हाताने लिहिणे खरोखर आवश्यक आहे का, हे ठरवावे. एक आकडा दुसऱ्यावरून काढता येत असेल, तर तसाच काढावा. मात्र एक आकडा वापरकर्त्यांच्या प्रोग्रामांना दिलेल्या हेडरमध्ये आणि दुसरा कर्नलच्या आतल्या हेडरमध्ये असेल, किंवा दोन्ही नावे जुनी व सर्वत्र रुजलेली असतील, तेव्हा त्यांच्यातील नाते कोडमध्येच, कर्नलच्या बिल्ड_बग_ऑन या कंपाइल-वेळच्या तपासणीने, नोंदवावे:

बिल्ड_बग_ऑन(एक्स्ट४_एक्स्टेंट्स_एफएल != (१यू << एक्स्ट४_आयनोड_एक्स्टेंट्स));

एक्स्ट४ नेमके हेच करते. मास्क आणि क्रमांक यांची तुलना करणारा एक छोटा मॅक्रो (नाव दिलेला कोडचा तुकडा) आहे आणि एका फंक्शनमध्ये तो प्रत्येक फ्लॅगसाठी एकेक ओळ लिहून वापरला आहे. नवा फ्लॅग जोडणाऱ्याने तेथेही एक ओळ वाढवायची असते. पॅच (कोडमधील प्रस्तावित बदल) तपासताना ती ओळ आहे ना, हे आवर्जून पाहावे.

बिल्ड_बग_ऑन अट खरी ठरली की बिल्ड थांबवते, तर सी भाषेतील तशीच तपासणी स्टॅटिक_असर्ट अट खोटी ठरली की थांबवते. हा उलटेपणा गोंधळात टाकणारा असला, तरी त्यातून झालेली चूक सहसा लगेच उघड होते, कारण बरोबर आकड्यांवरही बिल्ड अडते. खरा धोका तपासणी कंपायलरपर्यंत पोहोचतच नाही, यात आहे. बिल्ड_बग_ऑन फंक्शनच्या आतच लिहावी लागते आणि कर्नलमधील तिची रचना अशी आहे, की कोणीही न बोलावलेले इनलाइन फंक्शन (बोलावल्या जागीच कोड घातला जाणारे) कंपायलरने वगळले तर त्यातील तपासणीही त्याच्याबरोबर निघून जाते. त्यामुळे असे फंक्शन मॉड्यूल सुरू करणाऱ्या फंक्शनमधून बोलवावे. एक्स्ट४ तसेच करते. स्टॅटिक_असर्ट मात्र फाइलच्या वरच्या पातळीवर, थेट व्याख्येच्या शेजारी लिहिता येते. अट शुद्ध स्थिरांकांची असेल, तर माझी पसंती तिलाच राहील.

प्रीप्रोसेसरच्या (कंपाइल होण्याआधी मजकूर बदलणाऱ्या टप्प्याच्या) इफ-अटीने हे काम करू नये. एक्स्ट४चे बिट-क्रमांक एनममध्ये (आकड्यांना नावे देणाऱ्या सी भाषेतील यादीत) आहेत, प्रीप्रोसेसरला एनम दिसत नाही आणि अनोळखी नावाची किंमत तो शून्य धरतो. अशा दोन एनम-नावांची तुलना केली, तर शून्य बरोबर शून्य असे उत्तर येऊन तपासणी कायम यशस्वी ठरते. अशी तपासणी नसलेली बरी, कारण ती खोटा विश्वास देते.

काही वेळा दोन आकडे समान असण्यापेक्षा अनेक आकडे परस्परांपासून वेगळे असणे महत्त्वाचे असते. फाइल उघडतानाच्या ओ_क्रिएट, ओ_ट्रंक, ओ_क्लोएक्झेक यांसारख्या फ्लॅगांच्या किमती सर्व प्रोसेसरांवर सारख्या नाहीत. अल्फा आणि स्पार्क यांच्या स्वतःच्या किमती आहेत. प्रत्येक जोडी तपासत बसण्याऐवजी कर्नलच्या एफसीएनटीएल फाइलमध्ये सर्व फ्लॅग ऑर करून (त्यांचे बिट एकत्र करून) लागलेले बिट मोजले जातात आणि ती संख्या अपेक्षित संख्येशी ताडली जाते. दोन फ्लॅग एकाच बिटावर आले, तर मोजणी एकाने कमी भरते आणि बिल्ड थांबते. पीए-रिस्क प्रोसेसरांवर ओ_नॉनब्लॉक पूर्वी दोन बिटांचा होता, म्हणून तो या मोजणीतून वगळला आहे. असा अपवाद करावा लागला, तर त्याचे कारण टिप्पणीत लिहावेच.

डिस्कवरील स्ट्रक्चरांसाठी (अनेक क्षेत्रांच्या ठराविक मांडण्यांसाठी) आकार आणि प्रत्येक क्षेत्राचे स्थान तपासावे. एक्सएफएस या दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये यासाठी स्वतंत्र हेडर आहे. आयनोडचे डिस्कवरील स्ट्रक्चर १७६ बाइटांचेच असले पाहिजे, अशी अट त्यात आहे. येथे साइझऑफची (आकार बाइटांत सांगणाऱ्या क्रियेची) तुलना दुसऱ्या साइझऑफशी न करता उघड आकड्याशीच करावी, कारण जुन्या एआरएम एबीआयप्रमाणे (एआरएम प्रोसेसरांवरील मांडणीच्या जुन्या नियमांप्रमाणे) कंपायलरने स्ट्रक्चरांच्या शेवटी बाइट भरले, तर दोन्ही बाजू एकदमच बदलू शकतात.

तपासणी लिहून झाली की एक किंमत मुद्दाम बिघडवून बिल्ड करावे. बिल्ड थांबले नाही, तर तपासणी चालतच नाही असे समजावे. त्यानंतर ऑलमॉडकॉन्फिग (शक्य ते सर्व भाग मॉड्यूल म्हणून बांधणारी मांडणी) लावून x८६शिवाय निदान एक ३२ बिटांचा आणि एक बिग-एंडियन (मोठा बाइट आधी ठेवणारा) प्रोसेसर यांच्यासाठी क्रॉस-कंपाइल करावे, कारण ज्या कॉन्फिगमध्ये ती फाइल कंपाइलच होत नाही, तेथे तपासणीही होत नाही. आकार आणि स्थान बरोबर असूनही बाइटांचा क्रम चुकू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. ती चूक स्टॅटिक_असर्टला दिसत नाही. त्यासाठी डिस्कवरील क्षेत्रांना लिटल किंवा बिग एंडियन असे ठराविक प्रकार द्यावेत आणि मेकला सी=१ देऊन स्पार्स हे कोड तपासणारे साधन चालवावे.